भांडण कुणी पेरले?



तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तारखेच्या दिवशी जी गर्दी दिसते ती बहुतेक आपलीच असते. काखेत पिशवी, पिशवीत सातबारा, फेरफाराच्या नकला आणि घड्यांवर फाटलेला नकाशा. चुलत्याने धुरा कोरला, भावाने पांदण अडवली, शेजाऱ्याने नाल्याचे पाणी वळवले. कापसाच्या पैशातून कृषी केंद्रवाल्याची उधारी आधी जाते, सोसायटीचा हप्ता मग, आणि उरलेल्यातून वकिलाची फी. हे पाहून शहाणीसुरती माणसे मान हलवतात आणि म्हणतात, कास्तकाराच्या रक्तातच भांडण आहे, त्याला सरकार तरी काय करणार? खेदाची गोष्ट ही की आपले लोकही आता तेच बोलू लागले आहेत. भाऊबंदकी महाभारतापासून चालत आली म्हणून सुस्कारा टाकायचा आणि पुढची तारीख घ्यायची.

या सुस्काऱ्याशी आमचे भांडण आहे.

महाभारताचा दाखला द्यायचाच तर पुरा द्यावा. पांडवांनी शेवटी पाच गावे मागितली होती. सुईच्या टोकावर मावेल एवढीही माती मिळणार नाही, असे उत्तर आले. म्हणजे ती कथासुद्धा वाटणीची आहे. रक्त तर दोन्हीकडे एकच होते! आणि भांडण रक्तातच असेल तर ते बारा महिने सारखे असायला हवे. विहिरीला पाणी असते तोवर ज्या भावांचा चहापाण्याचा संबंध असतो, तो पाणी तळाला गेल्यावरच का तुटतो, याचे उत्तर रक्तवाल्यांनी द्यावे.

'माणूस मुळातच भांडखोर' हे वाक्य जुने आहे आणि ते कोण बोलतो ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली तेव्हा थॉमस हॉब्ज नावाचे पंडित पॅरिसला जाऊन राहिले होते. तिथे त्यांनी ग्रंथ लिहिला, तो १६५१ साली छापला. सार असे की, वर दंडुकेवाला नसला तर प्रत्येक जण प्रत्येकाचा वैरी होतो, म्हणून सगळ्यांनी आपले हक्क त्या दंडुकेवाल्याच्या हाती द्यावेत. यादवीने पोळलेल्या माणसाची ही भीती आम्ही समजू शकतो. पण ग्रंथात एका गोष्टीचा बंदोबस्त नाही. दंडुकेवालाच खळ्यावर येऊन उभा राहिला तर कुणाकडे जायचे? सत्तरच्या दशकात ज्वारीच्या लेव्हीसाठी घराघरातली कणगी मोजायला आलेले आपल्या म्हाताऱ्यांना आठवतात. ते काही शेजारी नव्हते.

दुसरा दाखला डार्विनसाहेबांचा. शहरातले अर्थपंडित सांगतात की जगण्याची झुंज हा निसर्गाचा कायदा आहे, बळी तो कान पिळी, तेव्हा पाच एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याने मुकाट्याने बाजूला व्हावे. हे बोलणाऱ्यांनी डार्विन उघडून पाहिलेला नसावा. 'जो लायक तो टिकेल' हा शब्दप्रयोग १८६४ साली हर्बर्ट स्पेन्सर यांनी काढला. डार्विनने तो पुढे उसना घेतला. त्याच्या स्वतःच्या १८५९ च्या ग्रंथात झुंज या शब्दाचा अर्थ फार व्यापक धरला आहे, आणि तसे त्याने तिथेच स्पष्ट केले आहे. त्याने दिलेले एक उदाहरण तर आपल्याच शिवारातले वाटावे. वाळवंटाच्या कडेला उभे असलेले झाड दुष्काळाशी झुंजते. आता या झुंजीत कुणी कुणाचा कान पिळला? आपली ज्वारी ऑगस्टच्या उघडिपीत पाने गुंडाळून उभी राहते, ती हीच झुंज. रशियाच्या क्रोपोटकिनने सैबेरियात पाच वर्षे काढली. तिथे थंडीवाऱ्याशी झुंजणारे प्राणी त्याने पाहिले आणि एकमेकांना धरून राहणारे कळप जगतात, असे १९०२ च्या पुस्तकात मांडले. त्या पुस्तकाची चर्चा अर्थपंडितांच्या बैठकीत होत नाही. का होत नाही, ते तुम्हीच ओळखा.

पण आम्ही क्रोपोटकिनच्या पुस्तकावर डोळे मिटून विसंबणार नाही. निसर्ग म्हणजे गोकुळ आणि भांडण तेवढे सरकारने आणले, असे म्हणणे सोपे आहे, ते खरे नाही. आफ्रिकेत टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात चिंपांझींचा एक कळप फुटला, आणि १९७४ ते १९७८ या काळात उत्तरेकडच्या नरांनी दक्षिणेकडचे सगळे नर एकेक करून संपवले. कालपर्यंत एकमेकांच्या अंगावरच्या उवा काढणारे होते ते! पुढे काहींनी म्हटले की संशोधकांनी केळी टाकून त्यांना बिघडवले. आम्हालाही हे पटायला आवडले असते. पण २०१४ साली अठरा कळपांचा अभ्यास छापून आला, त्यात माणसाच्या लुडबुडीचा आणि खुनांचा मेळ बसला नाही. मग दुसरीकडे पाहा. त्याच कुळातले बोनोबो काँगो नदीच्या दक्षिणेला राहतात. त्यांच्यात चावाचावी होते, पण एका कळपाने दुसऱ्याचे मुडदे पाडल्याचा पुरावा जवळजवळ नाही, आणि कळपात माद्यांचा शब्द चालतो. दोघेही माणसाचे सारखेच जवळचे नातेवाईक. तेव्हा रक्ताचा दाखला देणाऱ्याने आधी सांगावे, कोणत्या नातेवाइकाचे रक्त?

माणसांच्या हाडांवरही खुणा आहेत. सुदानात नाईलच्या काठी जेबेल सहाबा येथे तेरा हजार वर्षांहून जुने कब्रस्तान १९६० च्या दशकात उकरले गेले. तिथल्या ६१ सांगाड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांवर जखमांच्या खुणा आहेत, बायकापोरेही सुटलेली नाहीत. आधी वाटले की एकच मोठी लढाई झाली असेल. २०२१ साली पुन्हा बारकाईने तपासल्यावर दिसले की कितीतरी जखमा भरून आलेल्या, त्याच अंगावर पुन्हा नव्या. म्हणजे वर्षानुवर्षे हल्ले चालले होते. तो काळ हवामान बिघडण्याचा होता, आणि वस्ती करण्याजोगी जागा नदीकाठाला आकसत गेली होती. शेती नव्हती, सातबारा नव्हता, तरी भाला होता. भांडण करण्याची ताकद माणसात आहे, हे आम्ही मान्य करतो. काडेपेटी प्रत्येक घरात असते. गंजी कधी पेटते आणि कुणाच्या वाऱ्याने, हा प्रश्न वेगळा आहे.

आता आपल्या रानात या, कारण या प्रश्नाचे जेवढे चांगले उत्तर रानात मिळते तेवढे आम्हाला पुस्तकात मिळाले नाही.

ज्वारीतला टारफुला सगळ्यांना ठाऊक आहे. वीतभर उंचीचे, पांढऱ्या फुलाचे दिसायला गरीब झाड. मुळाशी ज्वारीला डसते आणि रस पिते. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि मातीत दहा-दहा वर्षे, त्याहून जास्तही पडून राहते. पाऊस आला म्हणून ते उगवत नाही. जवळ ज्वारीचे मूळ आल्याशिवाय ते हलत नाही. त्याला कळते कसे? ज्वारीचे मूळच मातीत एक द्रव्य सोडते, त्याचा वास लागला की बी जागे होते. मग ज्वारीसारखे शहाणे पीक आपल्या चोराला वर्दी देणारे द्रव्य का सोडते, हे कोडे शास्त्रज्ञांना बरीच वर्षे सुटले नव्हते. २००५ साली जपानच्या शास्त्रज्ञांनी उलगडा केला. ती हाक चोरासाठी नसतेच. मुळांच्या आसऱ्याला एक उपकारी बुरशी राहते. ती दूरच्या मातीतला स्फुरद आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. पीक हाक मारते ते या सोबत्याला, आणि टारफुला ती चोरून ऐकतो.

यातली पुढची गोष्ट कान देऊन ऐकण्यासारखी आहे. जमीन जितकी भुकेली, तितके झाड हे द्रव्य जास्त सोडते. स्फुरद मिळत नाही म्हणून मदतीची हाक मोठी होते, आणि हाक मोठी झाली की चोर जास्त जमतात. म्हणून टारफुला हलक्या, उपाशी रानात माजतो. सकस रानात त्याचे फारसे चालत नाही. टारफुल्याचा स्वभाव दोन्ही रानांत तोच, बी तेच. फरक रानाच्या भुकेचा.

आणि आपल्या पऱ्हाटीची गंमत पाहा. हे द्रव्य शास्त्रज्ञांना पहिल्यांदा सापडले ते १९६६ साली, कपाशीच्या मुळांत. टारफुल्याला कपाशीवर जगता येत नाही. पण कपाशीच्या मुळाचा वास घेऊन तो उगवतो, डसायला जागा सापडत नाही आणि मरून जातो. ज्वारीनंतर कपाशी घ्या, असे म्हातारे सांगत आले, त्यात हेही एक कारण निघाले. रानातली लढाई कधीकधी नुसत्या फेरपालटाने अशी निम्मी होते, कुणावर काही न फवारता.

फवारणीचे काय झाले ते सांगायला नको. थोडक्यात सांगतो. कपाशीने आपली व्यवस्था आधीपासून केलेली आहे. पानावरचे काळे ठिपके म्हणजे विषाचे थेंब, म्हणूनच कच्ची सरकी कोंबडीला सोसत नाही. पानामागे गोड रसाची गाठ, त्यावर मुंग्या येतात. अळीने पान कुरतडले की झाड असा वास सोडते की त्या वासावर अळीत अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या येतात. हा तंटा लाखो वर्षांचा आहे आणि त्यात कुणाचाच पुरता निकाल लागलेला नाही. आम्हाला मात्र निकाल हवा होता, किंवा तो मिळेल असे पोस्टरवर सांगितले गेले. ऐंशीच्या दशकात पायरेथ्रॉइड औषधे आली. १९८७ च्या हंगामात आंध्रात हिरवी बोंडअळी त्यांना जुमानेनाशी झाली. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आमची बोंडे पोखरली ती त्याच बियाण्यावर. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर बीटीचे छोटे पाकीट येत असे. ते कडेने लावायचे, म्हणजे विष न पचवलेल्या अळ्याही जिवंत राहतात, पचवलेल्यांशी जुळतात आणि विषाचा जोर टिकतो. पाच एकरवाल्याला हे धड समजावून सांगणारा कुणी गावात आला नाही. शत्रू थोडा शिल्लक ठेवायचा असतो, ही गोष्ट दुकानात सांगून माल खपत नाही!

आता माणसांकडे. भूक आणि हाक यांचा हाच हिशेब आपल्या इतिहासात एकदा लख्ख दिसला होता, आणि तोही कापसाच्याच निमित्ताने.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी सुरू झाली. लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तिकडून येत असे. उत्तरेने दक्षिणेची बंदरे अडवली आणि मँचेस्टरच्या नजरा वऱ्हाड-खानदेशाकडे वळल्या. मुंबईत भाव चढले, सट्टा चढला, सावकार गावोगाव फिरून पैसे देऊ लागले. चार वर्षे अशी गेली. १८६५ साली यादवी संपली, अमेरिकेचा कापूस परत आला आणि आपला भाव कोसळला. कर्ज मात्र कोसळले नाही. त्यातच दख्खनच्या काही तालुक्यांत नव्या मोजणीने सारा वाढवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांत वसूल न झालेले खत बुडीत ठरू लागले. कायदा केला होता ऋणकोच्या सोयीसाठी. घडले असे की सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. कोर्ट खतावरचा अंगठा पाहून हुकूमनामा देई. अंगठा उठवणाऱ्याला काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले, आणि लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. या लोकांनी काय केले ते नीट पाहा. खते मागितली. खते मिळाली की जाळली. जिथे मिळाली नाहीत तिथे घरे-गंज्या पेटवल्या. माणसांवरची मारहाण त्या मानाने फारच थोडी झाली. भांडखोरपणा रक्तात असता तर डोकी फुटली असती, कागद जळले नसते. आपल्या गळ्याला फास कशाचा लागला आहे, ते त्या अडाणी माणसांना पक्के ठाऊक होते. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात कोर्टाला खतामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा मिळाली. रक्ताचा दोष असता तर कायदा करून काय उपयोग होता?

त्या शेतकऱ्याचा नातू-पणतू मात्र कागद जाळत नाही, भावाचे डोके फोडतो. हे उलटे कसे झाले? आमचे उत्तर असे की फास दिसेनासा झाला. १८७५ साली सावकार गावात राहत होता, त्याचे घर ठाऊक होते. आज कापसाचा भाव कुठे पडतो? न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात, दिल्लीच्या आयात-निर्यातीच्या आदेशात, जिनिंगच्या फाटकावर. यातले एकही ठिकाण धुऱ्यावरून दिसत नाही. धुऱ्यावरून फक्त भाऊ दिसतो. वेचणीच्या दिवसांत किलोमागे एक रुपया वाढवून मागणारी मजूर बाई दिसते. भाव पडला म्हणून मालक तिच्यावर ओरडतो, आणि महाग झाले म्हणून ती मालकावर ओरडते. दोघांचेही खरे असते, आणि पैसा दोघांच्याही हातात नसतो.

धुऱ्याची भांडणेसुद्धा सगळी धुऱ्यावर जन्मलेली नाहीत. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव सर्व्हे नंबर मोडून गट नंबर केले गेले. ठिकठिकाणी कागदावर एकाचे नाव आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी अदलाबदल होऊन बसली. दोन पिढ्या कुणी बोलले नाही. मग एकाने कर्जासाठी सातबारा काढला आणि दुसऱ्याचे रान त्याच्या नावावर निघाले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचा उंबरठा बंद. यातला दोष कुणाच्या रक्तात शोधायचा? राज्य सरकारने २०२३ साली सलोखा योजना काढली. बारा वर्षांची वहिवाट असेल तर एक हजार रुपये मुद्रांक आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून अशा जमिनी एकमेकांच्या नावे करून घेता येतील, अशी तिची अट होती. योजना चांगली, आम्ही नावे ठेवणार नाही. पण त्यातला कबुलीजबाब वाचायला विसरू नका. ज्या भांडणाला आजवर तुम्ही-आम्ही भाऊबंदकी म्हणत होतो, त्यातले बरेच दफ्तराने लावलेले होते.

पाण्याचेही तसेच. मार्च २०१६ मध्ये लातूरला टँकर आणि टाक्यांभोवती १४४ कलम लागले, पाचाहून अधिक लोकांनी जमायचे नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बातमीत दिसली ती घागरींची मारामारी. मांजरा धरण कोरडे पडेपर्यंतच्या वर्षांत पाणी कुठल्या पिकाला गेले, कुणी परवाने दिले, याला कुणी १४४ कलम लावले नाही.

इथे काही कार्यकर्ते टाळ्या वाजवतील, म्हणून पुढचे सांगणे भाग आहे. सगळे भांडण वरून आले, गाव तेवढे निर्मळ, असे आमचे म्हणणे नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावच्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. तिथे कुणाच्या विहिरीचे पाणी आटले नव्हते, कुणाचा धुरा कोरला नव्हता. समोरचा माणूस मान वर करून चालू लागला, एवढेच कारण होते. अशा आगीला दुष्काळाचे नाव देणारा माणूस आमचा नव्हे.

आणि जिथे भांडण ऐकू येत नाही तिथे सलोखा आहे, असेही समजू नये. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबर हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली बाप हयात होता की नव्हता याचा त्याच्याशी संबंध नाही. तरी तहसीलला हक्कसोडपत्रांवर बहिणींच्या सह्या होतच आहेत. साडीचोळी देऊन, आणि माहेर तुटेल ही भीती घालून. बहीण भांडली नाही म्हणून घरात शांतता दिसते. त्या शांततेचा धनी कोण आणि किंमत कुणी मोजली, हे आमच्या मायबहिणी आमच्यापेक्षा चांगले सांगतील. त्यांनी भांडण काढले तर आम्ही ते भाऊबंदकीच्या खात्यात लिहिणार नाही.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात आज जमिनीची, पाण्याची, रस्त्याची किती भांडणे कोर्टात आणि किती कोर्टाबाहेर आहेत ते लिहावे, आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या वर्षी आणि कशावरून सुरू झाले ते लिहावे. मोजणीतून, वाटणीतून, कर्जातून, पाण्यातून, की जातीतून. नावे लिहू नयेत. हक्कसोडपत्राचा रकाना बायकांनी भरावा, पुरुषांनी सांगून भरू नये. ज्यांचे गट नंबर अदलाबदल झाले आहेत अशा दोन्ही बाजूंच्या लोकांनी शक्यतो बरोबर यावे, सातबारा आणि जुना सर्व्हे उतारा दोन्ही आणावेत. भूमी अभिलेखच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नकाशे वाचून दाखवायला दिवसभर बसणार आहेत. पांदण रस्त्यांच्या तक्रारी वेगळ्या कागदावर लिहाव्यात. तो विषय जेवणानंतर आहे.